डब्बुलु एप्पुडु?

तेलुगूतलं पहिलं अख्खं वाक्य मला कळलं ते हे : "डब्बुलु एप्पुडु इस्तारु?" पैसे कधी देणार? २०२२चा नोव्हेंबर, आंध्रातल्या पाडेरूपासून दीड तासावरचं डोंगरातलं गाव, आमचं नवंकोरं कॉफी खरेदी केंद्र आणि पहिलीच संध्याकाळ. मी भाव सांगत होतो, ते दिवस विचारत होते. व्यापाऱ्यापेक्षा किलोमागे सहा रुपये जास्त, हे मी तीन वेळा मोठ्याने सांगितलं. माना डोलल्या आणि पुन्हा तोच प्रश्न आला. पंधरा दिवसांत खात्यावर जमा होतील, असं मी म्हणालो आणि माणसं हळूहळू पांगली. त्या दिवशी काट्यावर ६२ किलो फळ आलं. आम्ही तीनशे किलोच्या तयारीने बसलो होतो.

मी मूळचा अमरावती जिल्ह्यातला, शिक्षण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, अभ्यास कापसाचा. कॉफीचं झाड पहिल्यांदा पाहिलं ते चिखलदऱ्याला शाळेच्या सहलीत. इंग्रजांच्या काळापासून तिथे थोडी कॉफी आहे, पण आम्हा पोरांना तिच्यापेक्षा भीमकुंडात जास्त रस होता. पुढे एका संस्थेत नोकरी लागली आणि आंध्रात पाठवणी झाली. नेमणूकपत्रात 'मूल्यसाखळी बळकटीकरण' असा शब्द होता. म्हणजे आदिवासी शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी उभी करायची, त्यांचं फळ विकत घ्यायचं, त्यावर नीट प्रक्रिया करायची आणि चांगला भाव देणारं गिऱ्हाईक गाठायचं. कागदावर सरळ काम होतं.

अल्लुरी सीताराम राजू हा जिल्हाच २०२२च्या एप्रिलमध्ये झालेला, जुन्या विशाखापट्टणम आणि पूर्व गोदावरी जिल्ह्यांतून काढलेला. अराकू, पाडेरू, चिंतपल्ली हा सगळा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर. हिवाळ्यात लंबसिंगीला इतकी थंडी पडते की पर्यटक शेकोट्या करून फोटो काढतात. देशातली सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. तिथे मोठ्या इस्टेटी आहेत, बंगले आहेत, पिढीजात मालक आहेत. इथे मात्र बगता, कोंध, पोरजा अशा जमातींच्या कुटुंबांची एक-दोन एकरांची बाग असते. पोडू म्हणजे फिरती शेती थांबावी म्हणून सरकारने लावायला दिलेली अरेबिका, वर सिल्व्हर ओकची सावली आणि त्याच्या खोडावर चढवलेला मिऱ्याचा वेल. अराकूच्या अरेबिकाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दिल्लीतल्या जी-२० परिषदेनंतर पाहुण्यांना दिलेल्या भेटींत ही कॉफी होती. आमच्या गावात ती बातमी मीच सांगितली. एकाने विचारलं, कोणत्या व्यापाऱ्याकडून घेतली?

भाषेचा एक घोळ सांगतो. तेलुगूत पिकलेलं फळ म्हणजे 'पंडू' आणि कच्चं म्हणजे 'काय'. मी टोपलीतलं हिरवं फळ उचलून आपल्या भाषेत पुटपुटायचो, "हे काय?" समोरची बाई गंभीरपणे मान हलवायची. हो, काय.

गंमत सोडली तर सगळी रड त्या 'काय'चीच होती. कॉफीचं फळ एका फांदीवरही एकदम पिकत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी तीन-चार फेऱ्या माराव्यात, दर फेरीत लाल तेवढंच वेचावं आणि त्याच दिवशी पल्परमधून, म्हणजे साल काढणाऱ्या यंत्रातून, काढावं. मग चिकट बिया टाकीत आंबायला ठेवायच्या. डोंगरातल्या थंडीत याला दीड दिवसही लागतो. झालं की नाही ते हाताने कळतं : मूठभर बिया चोळल्या की आधी बुळबुळीत लागणाऱ्या त्या ओल्या खड्यांसारख्या खरखर वाजायला लागतात. मग धुवायच्या, उंच मांडवांवर पातळ पसरायच्या आणि आठ-दहा दिवस हलवत राहायचं, ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत. टरफलासकट वाळलेल्या या बीला पार्चमेंट म्हणतात. साधारण सहा किलो फळाची एक किलो हिरवी कॉफी होते.

गावात चाललं होतं वेगळंच. हिरवं, पिवळं, लाल, सगळं एकाच फेरीत ओरबाडायचं, अंगणात नाहीतर डांबरी रस्त्यावर अख्खं वाळवायचं आणि पोत्यात भरून संतेला न्यायचं. (तिकडे आठवडी बाजाराला 'संत' म्हणतात. आमची संत गुरुवारची.) मला वाटलं, यांना माहीत नसेल. म्हणून प्रशिक्षणं घेतली, पोस्टर लावले, चार्ट दाखवले. मिनुमुलुरूच्या कॉफी बोर्डाच्या केंद्रावर सहल नेली. तिथून परतताना एका म्हाताऱ्याने आमच्या दुभाष्याला जे सांगितलं ते त्याने मला संकोचत सांगितलं. "अन्ना, ते म्हणतायत, लाल वेचायचं हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. थांबायला परवडत नाही."

दुभाष्या म्हणजे गावातलाच बी.ए. झालेला मुलगा. मी त्याला तम्मुडु म्हणायचो, धाकटा भाऊ. त्याला घेऊन मी एका गुरुवारी संतेत नुसता उभा राहिलो, व्यापाऱ्याच्या काट्याजवळ, घड्याळ लावून. पोतं काट्यावर ठेवल्यापासून नोटा हातात पडेपर्यंत चार मिनिटं. व्यापारी पोत्यामागे दोन किलो कडता, म्हणजे वजनातली घट, कापत होता, काटाही माझ्या मते सरळ नव्हता, वहीत काय लिहितो ते कोणी वाचत नव्हतं. पण चार मिनिटं. बाई तिथून पुढच्या दुकानात जाऊन तेल, सुकी मासळी आणि पोराच्या तापाच्या गोळ्या घेऊन मोकळी. आमच्याकडे विकायचं तर आधार कार्डाची प्रत, पासबुकाची प्रत, तीन ठिकाणी सही आणि पंधरा दिवस. पैसे खात्यावर आल्यावर ते काढायला पाडेरूला जायचं, जीपचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली, वर मशीन बंद. किलोमागे जास्तीचे सहा रुपये तिथेच जिरत होते.

आणि चार मिनिटं हा अर्धाच भाग. जुलै-ऑगस्टात घरातलं धान्य संपतं, नाचणीची लावणी चालू असते, हातात रोकड नसते. तेव्हा हाच व्यापारी तांदूळ देतो, हजार-दोन हजार देतो. तो पैसा कॉफीतून फेडायचा असतो. संक्रांतीला घरात नवे कपडे हवेत, तेही कॉफीतूनच. म्हणून फळ पिकायच्या आधी उतरवायचं. शिवाय पिकलेलं फळ झाडावर ठेवलं तर रात्रीतून कोणीतरी नेतं, ही भीती. हे सगळं समजून घ्यायला मला एक अख्खा हंगाम लागला, आणि लाज याची की मला ते आधीच कळायला हवं होतं. माझ्या वडिलांनी सरकारी केंद्रावर कापूस घालून चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली आहे. शेवटी कंटाळून गावातल्या व्यापाऱ्याला कमी भावात कापूस देताना मी त्यांना पाहिलं आहे. चुकारा हा शब्द मी दूध पिता पिता शिकलो, आणि आंध्रात जाऊन पंधरा दिवसांची मुदत कागदावर टाकणारा मीच.

पहिल्या हंगामात आमचं लक्ष्य ८ टन हिरव्या कॉफीचं होतं. झाली ११०० किलो, तीही मिश्र. बंगळुरूच्या एका रोस्टरकडे, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडे, नमुना नेला. तिथलं चाखणं मी पहिल्यांदाच पाहत होतो. प्रत्येक वाटीत सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, त्यावर दीडशे मिली गरम पाणी, चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने फोडायची आणि नाक अगदी वाटीत घालायचं. त्याआधी तिथल्या चाखणाऱ्या मुलीने भाजलेल्या दाण्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. तपकिरी दाण्यांमध्ये फिकट, शेंगदाण्याच्या रंगाचे दाणे होते. न पिकलेल्या फळाची बी कितीही भाजली तरी तशी पांढुरकी राहते, त्यांना क्वेकर म्हणतात. तिने एक मला चावायला दिला. भुईमुगाचं टरफल चावल्यासारखं लागलं. आमच्या कॉफीला शंभरपैकी ७८ गुण पडले. ८० आणि त्यापुढे स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची. पुण्या-मुंबईतल्या कॅफेत ज्या किमतीला कप विकला जातो त्या साखळीत शिरायचं दार त्या दोन गुणांपलीकडे होतं, आणि ते दोन गुण म्हणजे व्यापाऱ्याकडून जुलैत घेतलेले दीड हजार रुपये. ताटातले फिकट दाणे मोजताना मला ते उधारीच्या वहीतल्या नोंदींसारखे दिसायला लागले.

दुसऱ्या हंगामासाठी आम्ही पैशाचा हिशेब उलटा मांडला. फळ रोख घ्यायचं तर किती पैसा लागेल? ८ टनांसाठी ४८ टन फळ, किलोला ४५ रुपये धरले तर २१ लाख ६० हजार. तेही नोव्हेंबर ते जानेवारीत संपणार आणि माल विकून परत येणार मे-जूनमध्ये, कारण पार्चमेंट काही आठवडे मुरू द्यायचं, मग क्युरिंगला म्हणजे टरफल काढायला पाठवायचं, प्रतवारी, नमुने, सौदा. बँकेत गेलो. व्यवस्थापक सभ्य होते, चहा दिला, तारण काय म्हणाले. सभासदांच्या कित्येक बागा वनहक्काच्या पट्ट्यावर. तो पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग बँक काय ठेवून घेणार? दुसरा चहा मिळाला नाही.

शेवटी गोळाबेरीज केली. सभासदांचं भागभांडवल, त्यावर केंद्राच्या योजनेतून मिळणारी तेवढीच जोड (सभासदामागे जास्तीत जास्त दोन हजार), संस्थेकडून फिरता निधी, आणि त्याच बंगळुरूच्या रोस्टरकडून चाळीस टक्के आगाऊ. तो आगाऊ द्यायला का तयार झाला, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, तुम्ही पहिल्यांदाच मला कॉफीच्या चवीऐवजी तुमच्या पैशांचं वेळापत्रक दाखवलंत.

आमच्या सीएला रोखीचं नाव काढताच घाम फुटला. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर आयकरात तो खर्च धरत नसत. पण तेव्हाच्या आयकर नियम ६डीडीमध्ये सूट होती : शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला तर रोख चालायची. ही ओळ मी शोधली नाही, तम्मुडुने शोधली, मोबाइलवर, रेंज असलेल्या एकमेव दगडावर बसून. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

जुलै २०२३मध्ये १३० सभासदांना प्रत्येकी तीन हजारांची उचल दिली, बिनव्याजी. अट एकच, फेड लाल फळातून. नोव्हेंबरात केंद्र उघडलं ते दुपारी तीनला, बंद व्हायचं शेवटच्या टोपलीनंतर. काटा, चिठ्ठी, रोख. उचलीचा हप्ता दर वेळी थोडा कापायचा, सगळा नाही, म्हणजे घरी न्यायला काही उरतं. मी घड्याळ लावलं : सात मिनिटं. व्यापाऱ्याला आम्ही कधीच गाठलं नाही.

पहिल्या आठवड्यात एक मोठी चूक केली. टोपलीत हिरवं दिसलं की अख्खी टोपली परत. चार किलोमीटर डोक्यावर आणलेली टोपली तशीच घेऊन बाया परत चालू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या निम्म्या फिरकल्या नाहीत. मग निळी ताडपत्री अंथरली. टोपली तिथे ओतायची, समोरच निवडायचं, लाल तेवढं काट्यावर, बाकीचं परत तिच्या टोपलीत. आता भांडण लागलं नारिंगीवर. आमचा मुलगा म्हणे कच्चं, अक्का म्हणे पिकलेलं. रंगांचा छापील तक्ता आणला होता, तो दिव्याच्या उजेडात काहीही सांगायचा नाही. त्या अक्काने काय केलं, हातातली लाल काचेची बांगडी वर सरकवली आणि फळ तिला टेकवून धरलं. हिच्याएवढं लाल किंवा हिच्याहून गडद असेल तर घ्या, नसेल तर देऊ नका. ताडपत्रीभोवतीच्या सगळ्या बायांनी आपापल्या बांगड्या बघितल्या. दुसऱ्या संतेला आम्ही त्याच रंगाच्या बांगड्यांचे दोन डझन आणले आणि एकेक प्रत्येक काट्याला टांगली. आमच्या अहवालात याला 'सहभागी गुणवत्ता मानक' म्हटलं आहे. मीच लिहिलं ते.

फळ यायला लागलं. दिवसाला चारशे किलो, मग सहाशे. मांडव भरले. आणि ५ डिसेंबरला मिचाँग चक्रीवादळ बापटलाजवळ किनाऱ्याला लागलं. बापटला आमच्यापासून लांब, पण पाऊस डोंगरावर तीन दिवस उतरत राहिला. मांडवावरचं अर्धवट वाळलेलं पार्चमेंट गोळा करून आम्ही शाळेत पसरलं, प्रार्थनाघरात पसरलं, ते पुरेना तेव्हा घराघरांत चुलीवरच्या माळ्यांवर. माणसं रात्रभर उठून हलवत होती. पाऊस थांबल्यावर मी एक मूठ हुंगली आणि खाली बसलो. धूर. सातशे किलोभर माल धुरकटला होता, काहीला बुरशीचा कुबट वास.

आता यात नुकसान कोणाचं? आदल्या वर्षी असतं तर शेतकऱ्याचं, कारण पैसे द्यायचे बाकी असते. या वर्षी पैसे रोख देऊन झाले होते, माल कंपनीचा होता. रोज चुकारा म्हणजे रोज जोखीम आपल्या अंगावर घेणं, हे नियोजनात मी कुठेच लिहिलं नव्हतं. संचालक मंडळाची बैठक झाली, मंडळ म्हणजे गावातलेच सात जण. साखर कारखान्यात पहिली उचल आणि मग अंतिम हप्ता असतो तसं आम्ही ठरवलं होतं, हंगाम संपल्यावर नफ्यातून फरक द्यायचा. मी म्हणालो, या वर्षी फरक फार कमी पडेल, लोक चिडतील. एक संचालक, ज्याच्या स्वतःच्या माळ्यावर सर्वांत जास्त माल काळा पडला होता, म्हणाला की फरक नसला तर चालेल, उद्याच्या काट्यावर रोकड आहे का तेवढं सांगा. होती, आठ दिवसांपुरती. त्या आठ दिवसांत मी बंगळुरूच्या माणसाला किती फोन केले ते विचारू नका.

धुरकट माल वेगळा काढून स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने दिला. उरलेला मार्चमध्ये चाखला गेला. ताटात फिकट दाणे शोधावे लागत होते. साडेब्याऐंशी गुण. फरक निघाला किलो फळामागे दोन रुपये, ठरवल्याच्या निम्म्याहून कमी. रांगेत उभं राहून लोकांनी तो घेतला, मोजला आणि विचारलं, जुलैची उचल कोणत्या तारखेला?

मधल्या काळात युरोपात माल पाठवणाऱ्या एका खरेदीदाराने बागांचे अक्षांश-रेखांश मागितले. ३१ डिसेंबर २०२०नंतर जंगल तोडून लावलेली कॉफी युरोपीय संघात चालणार नाही असा तिथला कायदा आहे, त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. चार हेक्टरांखालच्या तुकड्याला एक बिंदू पुरतो. दोनशे चौदा बागा आम्ही मोबाइल घेऊन पालथ्या घातल्या. सिल्व्हर ओकखाली सिग्नल लागत नाही म्हणून एकेका बागेत वीस मिनिटं, आणि प्रत्येक ठिकाणी, "सार, जमीन मोजताय? कोणाला द्यायला?" त्या कामाचे पैसे ना खरेदीदाराने दिले ना कोणी.

२०२४च्या अखेरीस मी परत आलो. २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली तेव्हा तम्मुडुचा फोन आला होता, व्यापारी आता पोत्यामागे कडता कापत नाही म्हणून हसत होता. ऑगस्टमध्ये पुन्हा फोन आला, या वेळी हसत नव्हता. अराकू भागात कॉफीच्या फळात बेरी बोरर सापडला होता, त्या पट्ट्यात पहिल्यांदाच. मोहरीएवढा काळा भुंगा, फळाच्या टोकाला सुईएवढं भोक पाडून आत शिरतो आणि बीतच अंडी घालतो. किडकी फळं उतरवून उकळत्या पाण्यात बुडवायची आणि पुरायची. आमच्या सभासदांपैकी नऊ जणांच्या बागा त्यात होत्या. नऊही जणांनी जुलैची उचल घेतली होती, लाल फळातून फेडायच्या अटीवर. बांगडीवाली अक्का त्यातलीच एक.

मी विचारलं, मग उचलीचं काय करणार? तो म्हणाला, गुरुवारी संतेनंतर सगळे बसणार आहोत, अन्ना, तुम्ही फोन चालू ठेवा.